टाकी पडतानाचा शॉट

मोठ्या कॅमेऱ्याचा थाटच वेगळा. तो गाडीत पुढच्या सीटवर बसायचा, पट्टा लावून, एसीच्या गार वाऱ्यात. आणि ज्यांनी त्याला उचलायचं ती हाडामांसाची माणसं मागे, ट्रायपॉड मांडीवर घेऊन, अंग चोरून. काका म्हणायचे, त्याला ऊन सोसत नाही. पुतणीला सोसतं की नाही हे कुणी विचारलं नव्हतं.

काका म्हणजे चॅनेलचे सगळ्यात जुने कॅमेरामन. ते कॅमेरा खांद्यावर घेऊन निघाले की पोलीस आपणहून दोरी वर करायचे आणि भाषण देणारा माणूस वाक्य अर्ध्यावर सोडून कॉलर नीट करायचा. पुतणी त्यांच्या थोरल्या भावाची मुलगी. कामासाठी शहरात आली, काका-काकूंच्या घरी राहिली आणि काकांची असिस्टंट झाली. ट्रायपॉड उघड, ट्रायपॉड मिट, केबल गुंडाळ, भिंग पूस. शिकवलं मात्र काकांनी जीव तोडून, ते नाकारण्यात अर्थ नाही. फ्रेम कशी धरायची, श्वास कधी रोखायचा, माणूस बोलायचा थांबला तरी कॅमेरा का थांबवायचा नाही, सगळं त्यांचंच. आणि एक नियम तर त्यांनी तिच्या डोक्यात ठोकून बसवला होता: रेकॉर्डचं बटण दाबायचं ते स्वतःच्या अंगठ्यानं. दुसरा कुणी शपथेवर सांगत असला की चालू आहे, तरी ऐकायचं नाही.

मग पुतणीनं सुट्टीच्या दिवशी लग्नं आणि शाळांची संमेलनं शूट करून स्वतःचा कॅमेरा घेतला. छोटा कॅमकॉर्डर, जेवणाच्या डब्याएवढा, पण चित्र एचडी, अगदी स्वच्छ. टेपची भानगड नाही, आत एक कार्ड. काकांच्या कॅमेऱ्याचं नुसतं भिंग ज्या किमतीला येतं त्यात असे पाच-सहा सहज आले असते. तिनं तो घरी आणून काकांच्या हातात दिला तेव्हा त्यांनी तो तळहातावर वरखाली करून पाहिला.

"याला किल्ली द्यायची, की सेल घालायचे?" ते म्हणाले, आणि आख्ख्या युनिटाला तो विनोद पुरला. तेव्हापासून त्या कॅमेऱ्याचं नावच खेळणं पडलं.

बरं, लोकही तसलेच. ती कुठे एकटी शूटिंगला गेली की फाटकावरचा माणूस विचारायचा, खरे कॅमेरावाले कधी येणार? तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. पण हळूहळू तिच्या लक्षात आलं की यातच खरी गंमत आहे. मोठ्या कॅमेऱ्यासमोर माणूस ताठ व्हायचा, पुस्तकी बोलायला लागायचा. खेळण्यासमोर कुणी ताठ होत नव्हतं. बायका भाजी निवडता निवडता बोलायच्या, माणसं नाक शिंकरायची, भांडण अर्ध्यावर थांबायचं नाही. काकांना जे मिळवायला सकाळची दुपार व्हायची ते हिला येता-जाता मिळायला लागलं.

शहरातल्या माणसांवर दर आठवड्याला एक कार्यक्रम व्हायचा, त्याच्या निर्मातीबाईंना हे दिसलं. बाई वाईट नव्हत्या. निर्णय घ्यायची वेळ आली की पेनाचं टोपण चावायच्या, एवढंच. त्यांनी बरंच टोपण चावून एकदाचं सांगितलं, की जुनी पाण्याची टाकी पाडतायत त्यावरचा भाग पुतणीनं एकटीनं करावा, तिच्या छोट्या कॅमेऱ्यावर. भाग चांगला झाला तर तिला वेगळं युनिट आणि कॅमेरावुमन म्हणून नाव. नाही झाला तर परत काकांच्या मागे, ट्रायपॉड घेऊन, आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही. फक्त टाकी पडतानाचा शॉट एकदाच मिळणार, त्याला दुसरा टेक नाही, म्हणून त्या सकाळी खात्रीसाठी काका मोठा कॅमेरा घेऊन हजर राहतील.

काका हसून हो म्हणाले. त्या हसण्यानं पुतणीची झोप उडाली.

टाकी उंच पायांवर उभी होती, वस्तीच्या मधोमध, गळून गळून हिरवी पडलेली. पुतणी रोज तिथं जाऊन बसायला लागली. तिथं तिला व्हॉल्व्हवाले आजोबा भेटले. आयुष्यभर रोज सकाळी त्यांनी त्या टाकीचा व्हॉल्व्ह फिरवून वस्तीला पाणी सोडलं होतं. निवृत्त झाले तरी सवयीनं रोज टाकीखाली येऊन तिला शिव्या देऊन जायचे. खेळण्यासमोर त्यांनी इतक्या मोकळ्या शिव्या दिल्या की त्यातल्या निम्म्या कापाव्याच लागणार होत्या. पण टाकीविषयी असं कुणी बोललेलं तिनं ऐकलं नव्हतं. भाग उभा राहत होता, हे तिला कळत होतं. आता फक्त शेवट हवा होता.

पाडायच्या दिवशी हवा दमट होती. पुतणी आधीच जाऊन उभी होती, कॅमेरा हातात, आजोबांच्या जवळ. काकांची गाडी वेळेवर आली. काकांनी एसीतून मोठ्या कॅमेऱ्याला बाहेर काढलं, ट्रायपॉडवर बसवलं आणि डोळा लावला. मग डोळा काढला. रुमाल काढून भिंग पुसलं. परत डोळा लावला.

गारव्यातून दमट हवेत आल्याबरोबर कॅमेऱ्याला घाम फुटला होता. काचेवर धुकं, आतल्या पडद्यावर ओलीची खूण लुकलुकतेय, आणि टेप जागची हलायला तयार नाही. असा कॅमेरा वाळेपर्यंत चालत नाही, मग तुम्ही कितीही मोठे असा. हे काकांना माहीत नव्हतं असं नाही. असं दुसऱ्या कुणाचं झालं असतं तर त्यांनी त्याला चारचौघांत सोलून काढला असता. पण इतके दिवस लाडानं पुढच्या सीटवर बसवलेल्याला वेळेआधी बाहेर उन्हात उभं करायचं, हे त्यांच्या जिवावर आलं होतं.

सुरुंगाआधीचा पहिला भोंगा झाला. पुतणीनं रेकॉर्ड सुरू केलं. फ्रेमच्या एका कडेला आजोबा, दोन्ही कानांवर हात ठेवलेले, आणि मागे टाकी. असा शॉट आयुष्यात एकदा मिळतो आणि तो मिळाला आहे हे तिला पोटातून कळलं. दुसरा भोंगा झाला आणि तिच्या फ्रेममध्ये बाजूनं एक हात आला.

"आण तो इकडे," काका म्हणाले.

आता इथं मला तिचा राग येतो, आणि तिला स्वतःचा आजही येतो. कॅमेरा तिचा. भाग तिचा. शॉट चालू. पण वर्षानुवर्षं तो हात पुढे आला की हिनं काहीतरी त्यात ठेवायचं, भिंग, केबल, पाण्याची बाटली. डोकं नको म्हणेपर्यंत हातांनी कॅमेरा देऊनही टाकला.

"काका, रेकॉर्ड चालू आहे. बटण दाबू नका."

"मला शिकवतेस?" काका म्हणाले, आणि त्यांनी अंगठा दाबला.

दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही, हा त्यांचा नियम. चालू कॅमेऱ्याचं बटण दाबलं की तो बंद होतो, हा कॅमेऱ्याचा नियम. उन्हात त्या छोट्या पडद्यावर काही दिसत नव्हतं. ती ओरडली, पण तेवढ्यात सुरुंग उडाले आणि तिचा आवाज कुठल्या कुठे गेला. टाकी आधी थोडी वाकली, जणू खाली काही पडलंय ते बघतेय, आणि मग बसलीच. काकांनी तिला वरपासून खालपर्यंत सोबत केली, श्वास रोखून, हात कणभर न हलवता. बघणाऱ्यानं टोपी काढावी असा शॉट. धूळ वर आली, काकांनी समाधानानं पुन्हा अंगठा दाबला आणि कॅमेरा वरच्या दांड्याला धरून, हातात लोंबकळत, बाईंच्या दिशेनं चालायला लागले. पुतणी घाम फुटलेल्या मोठ्या कॅमेऱ्यापाशी थांबली. कुणीतरी थांबायला हवंच होतं.

दुपारी एडिटिंगच्या खोलीत सगळे जमले. एडिटरनं कार्ड लावलं, आवाज बंद ठेवून. टाकी उभी, आजोबांचे कानांवर हात, भोंगा, मग एक हात आला, आणि क्लिप संपली. एडिटरनं पुढची क्लिप उघडली. चिखल, एक बूट, धूळ.

"पडतानाचं कुठंय?" बाईंनी विचारलं.

पडतानाचं नव्हतं. एडिटरनं मागे-पुढे सगळं शोधलं. काका खुर्चीत मागे रेलले.

"मी म्हटलं होतं ना. ऐन वेळी दगा देणार ते खेळणं," ते म्हणाले.

पुतणीनं तोंड उघडलं. काकांनी तिच्याकडे पाहिलं, नुसतं पाहिलं, आणि तिचं तोंड मिटलं. बाईंनी टोपण दातांतून काढून टेबलावर आपटलं. यापुढे छोटे कॅमेरे बंद, म्हणाल्या, आणि ही उद्यापासून परत काकांबरोबर. शेवटाचं काय करायचं ते उद्या सकाळी ठरवू. एडिटर सोडून सगळे उठून गेले.

पुतणी बसून राहिली. जरा वेळानं तिनं एडिटरला सांगितलं, ती बुटाची क्लिप पूर्ण लाव. आवाज चालू कर.

काकांनी पहिल्यांदा दाबलं तेव्हा कॅमेरा बंद झाला होता. म्हणजे दुसऱ्यांदा दाबलं तेव्हा चालू. गुडघ्याच्या उंचीवरून, तिरपा लोंबकळत, खेळणं एकटंच सगळं बघत निघालं होतं. पांढरी झालेली पावलं. धुळीतून पळणारी पोरं. एक बाई चप्पल झटकतेय आणि तीच पुन्हा पुन्हा झटकतेय. आणि मग व्हॉल्व्हवाले आजोबा, फुटपाथच्या कडेवर बसलेले, त्यामुळे बरोबर कॅमेऱ्याच्या उंचीवर. ज्या ऑटोफोकसला काका हसायचे त्यानं आपणहून त्यांचा चेहरा शोधून काढला. आजोबांचे हात अजून कानांवर होते. सगळं शांत झालं होतं तरी त्यांनी ते खाली घेतले नव्हते.

आणि या सगळ्यावर काकांचा आवाज, अगदी कॅमेऱ्याजवळून, खणखणीत.

"मिळाला शॉट मॅडम. मोठा रुसला, खेळण्यातून काढावा लागला, पण काढला. नाव माझं टाका, मुलीचं नको. आणि ते वेगळं युनिट वगैरे डोक्यातून काढा. ट्रायपॉड चांगला धरते ती, तेवढंच तिचं काम. बाकी काही जमायचं नाही तिला."

मग बाईंचा आवाज. "बघू."

एडिटरनं हळूच आवाज कमी करायला हात पुढे केला. तिनं तो हात बाजूला सारला आणि क्लिप परत पहिल्यापासून लावायला सांगितली. रडू येत होतं, पण रागच इतका होता की रडायला जागा उरली नव्हती. बाई शेवट ठरवायला उद्या बसणार होत्या. हिनं आजच बसून तो जोडला.

संध्याकाळी घरी काका जेवले नाहीत, डोकं दुखतंय म्हणून आत जाऊन पडले. काकूंनी दोघींची ताटं वाढली आणि विचारलं, काय झालं. पुतणीनं सगळं सांगितलं, एकही शब्द गाळला नाही. काकू ऐकत राहिल्या.

"उद्या सांगणार आहेस सगळ्यांसमोर?"

"हो."

"मी त्यांच्या बाजूनं बोलेन हं. मला याच घरात राहायचंय," काकू म्हणाल्या, आणि तिच्या ताटात आणखी भात वाढला. "पण तू पोटभर जेव. उपाशी पोटी आवाज चढत नाही."

सकाळी खोलीत तेच चौघं. काका तिच्याकडे न बघता बसले. बाईंनी सुरुवात केली, की शेवट म्हणून पडलेल्या टाकीचा एखादा फोटो लावू आणि निवेदन घालू. पुतणी उभी राहिली आणि म्हणाली की शेवट झालाय, आधी बघा. मग तिनं स्वतःच क्लिप लावली.

टाकी उभी. आजोबांचे कानांवर हात. भोंगा. बाजूनं येणारा हात. "रेकॉर्ड चालू आहे, बटण दाबू नका." "मला शिकवतेस?" मग काळोख, कशाचाही आवाज नाही. आणि मग धूळ, पावलं, चप्पल झटकणारी बाई, तिरप्या जगात बसलेले आजोबा, आणि वरून काकांचं सगळं बोलणं, शेवटच्या शब्दापर्यंत. बाईंच्या 'बघू'सकट.

बाईंनी ते परत लावायला सांगितलं. बाई निर्णयाला भित्र्या असतील, पण त्यांची नजर पक्की होती. टाकी पडताना तर सगळ्यांनी पाहिलीच होती. आदल्या दिवशी सगळ्या चॅनेलांनी तोच एक शॉट, गच्चीवरून घेतलेला, दिवसभर दाखवून दाखवून त्याचा चोथा केला होता. आजोबांचे कानांवरचे हात मात्र कुणाकडेच नव्हते.

"चालेल," बाई म्हणाल्या. मग घसा साफ केला. "फक्त तो आवाज काढू. तिथं संगीत घालू. आणि नावं दोघांची टाकू, आधी काकांचं, ज्येष्ठ आहेत. कॅमेरा त्यांच्याच हातात होता तेव्हा. घरातली गोष्ट घरात राहील."

काकांनी मान खाली घातली होती. दोन्ही बाजूंना बरं दिसेल असा तोडगा होता. आतापर्यंतच्या कुठल्याही दिवशी पुतणीनं तो मुकाट्यानं घेतला असता आणि वर आभार मानले असते.

"नाही," ती म्हणाली. "काकांचं नाव टाकायचं तर आवाजासकट. आवाज काढायचा असेल तर नावही काढा. नाव ठेवून आवाज काढायचा, हे चालणार नाही."

बाई म्हणाल्या, कार्यक्रम चॅनेलचा आहे, काय चालणार ते चॅनेल ठरवेल.

"कार्यक्रम चॅनेलचा. मोठा कॅमेराही चॅनेलचा. हा माझा आहे, मी माझ्या पैशानं घेतलाय. याच्यातलं कार्ड माझं आहे. आजोबा माझ्याशी बोलले, चॅनेलशी नाही. नको असेल तर सांगा, मी सगळं उचलते आणि जाते. उद्यापासून लग्नं शूट करीन. तिथं निदान नवरीला माहीत असतं, कॅमेऱ्यामागे कोण आहे ते."

आवाज चढला होता. बाईंनी टोपण तोंडात घातलं आणि काकांकडे पाहिलं. एडिटरनंही पाहिलं. पुतणी बघत नव्हती. काका आता घर सोड म्हणाले तर कुठे राहायचं, हा विचार नेमका त्याच वेळी तिच्या डोक्यात आला, आणि तरी ती बसली नाही.

काका एडिटरला म्हणाले, परत लाव. परत लावलं. स्वतःचा हात फ्रेममध्ये येताना त्यांनी पाहिला, स्वतःचं बोलणं ऐकलं, सगळं. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. कॅमेऱ्यामागे उभं राहून जन्म गेला माणसाचा, चेहरा कसा ठेवायचा ते त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

"आवाज ठेवा," काका म्हणाले. "नाव काढा."

बाईंना वाटलं त्यांची चूक होतेय. त्यांनी समजावून सांगितलं, की उलट करता येईल, नाव राहील आणि आवाज जाईल, सगळं शहर बघतं हा कार्यक्रम, तुमचा आवाज ओळखतात लोक.

"ओळखू देत. बोललोय तर बोललोय, मी काही चोरून बोललो नाही. पण मी एक शॉट काढला, तो निघाला नाही. हा निघाला, तो मी काढलेला नाही. न काढलेल्या शॉटवर मी आजवर नाव लावलेलं नाही." ते उठले, खुर्ची नीट टेबलाखाली सरकवली. "कॅमेरा म्हणून हिचं नाव टाका. एकटीचं. आणि ठळक."

पुतणीचे डोळे भरून आले, आणि त्याचाही तिला राग आला. एवढं बोलून हा माणूस सगळ्यांच्या नजरेत परत मोठा होणार, आणि हिनं कृतज्ञ व्हायचं, असंच ना? ती झाली नाही. उभीच राहिली. काका दारापर्यंत गेले आणि तिथं थांबले. वळले नाहीत.

"माझा आवाज फार मोठा आलाय त्यात," ते म्हणाले. "मिक्सिंगमध्ये जरा कमी कर."

"नाही करणार, काका," ती म्हणाली.

आणि तिनं तो खरंच कमी केला नाही.